चिपळूणचा चार्जर बंद होता, म्हणून गाडी विकायची?

पत्राचा गोषवारा: पुण्यात नोकरी करणाऱ्या, पंचेचाळिशीतल्या एका वाचक ताईंनी गेल्या दिवाळीत विजेवर चालणारी गाडी घेतली. आग्रह त्यांचाच होता आणि हप्ताही त्यांच्याच पगारातून जातो. बॅटरी 40 युनिटांची आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःचा चार्जर आहे, रोज ऑफिसला जाऊन-येऊन 45 किलोमीटर होतात आणि वर्षाला सगळं धरून 14 हजारांच्या आसपास. रोजच्या वापरात तक्रार शून्य. मे महिन्यात पती, मुलगा आणि 76 वर्षांच्या सासूबाईंना घेऊन त्या गुहागर तालुक्यातल्या गावी गेल्या. जाताना साताऱ्याला चार्जिंग केलं, प्रवास सुखाचा झाला. गावच्या घरी मात्र गाडीसोबत आलेला चार्जर प्लगला लावला की लाल दिवा लागायचा. "घराचं वायरिंग जाळाल," असं म्हणून मोठ्या दिरांनी तो काढायला लावला. वेळणेश्वर, हेदवी फिरण्यात उरलीसुरली बॅटरी उतरली. परतताना चिपळुणात एक चार्जर बंद निघाला. दुसऱ्यावर आधीच दोन गाड्या होत्या आणि पुढचे गृहस्थ शंभर टक्के होईपर्यंत गाडी लावून जेवायला गेले होते. मधुमेह असलेल्या सासूबाईंसह सगळे चार तास उकाड्यात अडकले, घरी पोचायला मध्यरात्र झाली. आता पती म्हणतात, विकून डिझेलची घेऊ. दीर गाडीला 'खेळणं' म्हणतात. ताई विचारतात, "मोठ्या बॅटरीची घ्यायला हवी होती का? माझा निर्णयच चुकला का? गणपतीला हीच गाडी नेऊ, की हट्ट सोडू?"

ताई,

गाडीचा प्रश्न आणि घरातला प्रश्न तुमच्या पत्रात एकमेकांत गुंतले आहेत. गाडीचा सोपा आहे, म्हणून आधी तो घेते.

वर्षाला 14 हजार किलोमीटर. गावाला दोनदा गेलात तर जाऊन-येऊन अकराशे. म्हणजे शंभरातले आठ किलोमीटर गावच्या वाटेवरचे आणि जवळपास बाकीचे सगळे तुमच्या पार्किंगमधल्या प्लगवरचे. त्या हिशेबानं निर्णय चुकलेला नाही, आणि हा हिशेब तुम्ही घरात मांडलाही असेल. तरी तो कुणाला पटला नाही. कारण तुमचे पती तुमच्याबरोबर रोज ऑफिसला येत नाहीत, सासूबाई तर नाहीतच. त्यांनी ही गाडी पाहिली ती त्या आठ किलोमीटरांत. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे गावाला नेणारी वस्तू आणि तिनं नेमका तिथं दगा दिला. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. म्हणून "वर्षभर पेट्रोल वाचलं ते बघा ना" हा मुद्दा निदान गणपतीपर्यंत बाजूला ठेवा.

आता मोठ्या बॅटरीचं. चिपळुणात तुम्ही अडकलात ते बॅटरी लहान होती म्हणून, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. मला तसं दिसत नाही. तुम्ही गावातून निघालात तेव्हाच बॅटरी उतरलेली होती, कारण चार दिवस गाडी दारात उभी असूनही तिच्यात एक युनिट भरता आलं नाही. मग अख्खा परतीचा प्रवास चिपळूणच्या एका आवारावर टांगला गेला. बॅटरी 60 युनिटांची असती आणि गावात चार्जिंग नसतं, तरी आज नाही तर पुढच्या खेपेला हेच झालं असतं.

एसटीचं उदाहरण बघा. 1 जून 2022ला महामंडळाची पहिली इलेक्ट्रिक बस, 'शिवाई', पुणे ते अहमदनगर धावली. आता पुणे-मुंबई मार्गावर ई-शिवनेरी आहेत. वेळेवर सुटायचं बंधन असलेल्या या गाड्या वाटेवरच्या सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर निघत नाहीत, महामंडळानं त्यांच्यासाठी स्वतःची चार्जिंगची सोय उभारली आहे. खासगी गाडीलाही हेच लागू आहे. जिथं रात्र काढायची तिथं चार्जिंग हवं, वाटेवरचा चार्जर हा वरखर्च. तुमचं दुसरं आगार म्हणजे गावचं घर, आणि तेच नेमकं बंद आहे.

म्हणून मी सगळ्यात जास्त जागा गावच्या प्लगला देणार आहे.

पहिली गोष्ट, तुमचे दीर त्या दिवशी बरोबर होते. गाडीसोबत मिळणारा चार्जर 15 अँपिअरच्या प्लगवर साधारण 3 किलोवॅट ओढतो. गीझरही तेवढंच ओढतो, पण वीस मिनिटांत बंद होतो. गाडी रात्रभर, आठ-दहा तास सलग ओढत राहते. जुन्या घरातली बारीक वायर, सैल झालेला प्लग, वर्षानुवर्षांचा दमट वारा, एवढ्यावर तो भार टाकला तर प्लग वितळायला वेळ लागत नाही. आणि लाल दिव्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: घराला अर्थिंग नाही, किंवा आहे ते नावापुरतं. चार्जरनं नकार दिला ही त्याची हुशारी म्हणायची.

अशा वेळी कुणीतरी जाणकार पुढे येऊन म्हणतो, "न्यूट्रलला अर्थ जोडून देतो, लगेच हिरवा होईल." होतोही. पण वाटेत कुठे न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यात करंट येऊ शकतो, आणि गणपतीत अंगणात पोरं अनवाणी पळत असतात. असं कुणी सुचवलं तर चहा पाजून वाटेला लावा.

करायचं ते एवढंच. मीटरपासून वेगळी लाइन, 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिला भार वाढला की वीज तोडणारा स्वतःचा एमसीबी आणि गळती झाली की तोडणारा आरसीसीबी, शेवटी चांगल्या प्रतीचा जाड पिनांचा सॉकेट, पावसापासून आडोशाला. आणि नवा अर्थिंगचा खड्डा. जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही, म्हणून आपल्याकडे कोळसा आणि मिठाचे थर देऊन खड्डा भरतात. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं, नाहीतर मे महिन्यात पुन्हा लाल दिवा. मीटरवरचा मंजूर भार किती आहे तो बिलावर छापलेला असतो. तो एक-दोन किलोवॅटच असेल तर महावितरणकडे वाढवून घेण्याचा अर्ज करा.

हे झालं की एका रात्रीत 25 युनिटांच्या आसपास बॅटरीत पडतील, दोन रात्रींत गाडी भरून उभी. गणपतीत घरात रोषणाई, पंप, मिक्सर सगळं एकदम चालू असतं, म्हणून गाडी लावायची ती रात्रीची आरती-जेवणं उरकल्यावर. व्होल्टेज कमी असेल तर काही गाड्यांत विजेचा ओढा कमी करायची सोय असते, ती वापरा. पावसात लाइट जाते हे कोकणात सांगायला नको. म्हणूनच निघायच्या आदल्या रात्रीची वाट न पाहता पोचल्या दिवसापासून भरायला लागा.

आणि हे काम तुम्ही करू नका. दिरांना फोन करा. "तुम्ही म्हणालात ते खरं होतं, वायरिंग जळलं असतं. तुमच्या नजरेखाली नीट करून घ्याल का? खर्च मी देते." त्यांच्या ओळखीचा वायरमन, त्यांच्या देखरेखीखाली, त्यांच्या अंगणात. ज्या सॉकेटची जागा आपण स्वतः ठरवली त्यावर लागणाऱ्या गाडीला खेळणं म्हणणं माणसाला जरा जड जातं.

आता हिशेब पुन्हा मांडू. कंपनीच्या कागदावर तुमच्या गाडीचा आकडा एका चार्जिंगला साडेचारशे किलोमीटरच्या पुढे असेल. ती चाचणी प्रयोगशाळेत होते, वेग ताशी 90च्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. चार माणसं, सामान, एसी आणि ताशी 80 धरलं तर युनिटाला साडेसहा किलोमीटर धरून चाला, म्हणजे सपाटीवर 260. परतीला कुंभार्ली घाट आहे. घाटाची भीती सगळ्यांनाच वाटते, कारण चढाला लागलं की पडद्यावरचा 'उरलेले किलोमीटर' हा आकडा घसरगुंडीवर बसतो. पण तो आकडा नुकत्याच झालेल्या वापरावरून पुढचा अंदाज बांधतो. वळणावळणाच्या चढावर त्याला वाटतं, आता पुण्यापर्यंत असंच चढायचंय. खरा खर्च मोजता येतो. माणसांसह गाडी दोन टनांच्या जवळ. तिला सहाशे मीटर उचलायला सव्वातीन युनिटं लागतात, मधली गळती धरून चार. म्हणजे बॅटरीचा दहावा हिस्सा, अधिक नाही. घाट चढताना किलोमीटरांकडे बघू नका, टक्के बघा.

गावातून भरलेल्या बॅटरीनं निघालात तर चिपळूण, कोयनानगर, पाटण करत उंब्रजला हायवे गाठायचा आणि साताऱ्यापर्यंत साधारण 165 किलोमीटर. 25-26 युनिटं रस्त्याची, चार घाटाची. साताऱ्याला पाव बॅटरी शिल्लक असेल. चिपळूणचा चार्जर चालू होता की बंद, हे तुम्हाला कळणारही नाही. आणि साताऱ्याच्या परिसरात हायवेवर एक बंद असला तर दुसरा गाठता येतो, चिपळुणात तुमच्यापुढे तसा पर्याय उरला नव्हता.

तरी एकदा तरी सार्वजनिक चार्जर लागणारच, म्हणून त्याबद्दल. नकाशावर ठिपका आहे याचा अर्थ यंत्र चालू आहे असा होत नाही. आदल्या संध्याकाळी ॲपवर शेवटचं चार्जिंग कधी झालं ते बघा, आणि त्याहून खात्रीचं म्हणजे ज्या हॉटेलच्या आवारात यंत्र आहे त्या हॉटेलला फोन करा. गल्ल्यावरच्या माणसाला कंपनीच्या हेल्पलाइनपेक्षा जास्त माहीत असतं: मशीन चालू आहे का, लाइट आहे का, काल कोणी रागारागानं निघून गेलं का. शोरूमच्या आवारातले चार्जर रात्री फाटक लागलं की आत राहतात, त्यांच्यावर संध्याकाळचा बेत आखू नका. ॲप घरी, वायफायवर, ओटीपीसह चालू करून त्यांच्या वॉलेटमध्ये तीन-चारशे रुपये आधीच टाका. पाटणच्या पुढे रेंज गेल्यावर हे करायला बसलात तर निम्मा वेळ मोबाइल आकाशात धरण्यात जातो. यंत्र मेलेलं दिसलं तर त्याच्या अंगावरचं मोठं लाल बटण बघा. कुणीतरी, बहुधा एखाद्या पोरानं, ते दाबून ठेवलेलं असतं. काही बिघाडामुळे मुद्दाम दाबलंय का, हे तिथल्या माणसाला विचारा. नसेल तर फिरवून सोडलं की यंत्र पुष्कळदा जागं होतं.

पाटीवर 60 किलोवॅट लिहिलेलं असलं आणि दोन्ही बंदुकांना, म्हणजे गाडीला लागणाऱ्या केबलींना, गाड्या लागल्या की बऱ्याच ठिकाणी प्रत्येकीला 30 मिळतात. तुमच्या साताऱ्याच्या थांब्याला 20 युनिटं म्हणजे पाऊण तास धरा. 80 टक्क्यांनंतर गाडी स्वतःच वीज हळू घेते. शेवटच्या वीस टक्क्यांना कधी कधी आधीच्या पन्नास टक्क्यांइतका वेळ लागतो. तुमच्या पुढच्या गृहस्थांना हे माहीत नव्हतं किंवा माहीत असून पर्वा नव्हती. दुसरं असेल तर सल्ला सदराला इलाज नाही. पहिलं असेल तर आपण निदान आपल्या गाडीच्या काचेवर मोबाइल नंबर आणि '80 टक्क्यांना हलवतो' अशी चिठ्ठी ठेवू शकतो. रांगेतल्या माणसाचा अर्धा राग तिथेच उतरतो.

वेगाबद्दल तुम्हाला सगळे सांगतील, हळू चालवा, वेळ वाचेल. हे खोटं आहे. शंभर किलोमीटरला ताशी 100नं एक तास लागतो, 80नं सव्वा. जोरात गेल्यानं जास्त जाळलेली तीन युनिटं मोकळ्या चार्जरवर सहा-सात मिनिटांत परत मिळतात. म्हणजे चार्जर मोकळा आणि चालू असेल तर जोरात जाणाराच आधी पोचतो. पण तो 'असेल तर' गणपतीच्या आठवड्यात किती पक्का, तुम्हीच ठरवा. सुरक्षिततेचा मुद्दा वेगळाच, तो इथे काढत नाही. हळू गेल्यानं एखादा थांबा टळतो किंवा पुढचा चार्जर गाठता येतो, आणि तुम्हाला सध्या तेच हवं आहे.

पैशांचंही एक भाबडं गणित असतं, ते मोडून टाकते. बाहेरचं जलद चार्जिंग बऱ्याच ठिकाणी युनिटाला 20 रुपयांच्या आसपास, वर 18 टक्के जीएसटी. किलोमीटरला साडेतीन रुपयांच्या पुढे जातं. डिझेलपेक्षा अजूनही कमी, पण घरच्या प्लगवरची चैन तिथे नाही. आणि हिरव्या पाटीला, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीला, द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी असली तरी खेड-शिवापूरला ती चालत नाही. तिथे वाद घालू नका, मागे रांग असते.

उरला घरातला प्रश्न. तुम्ही लिहिलंय, "हट्ट सोडू का?" हा शब्द तुमचा आहे की पतींचा? पत्र दोनदा वाचलं तरी मला ठरवता आलं नाही. त्यांना डिझेलची गाडी हवी आहे, की त्या रात्री आई मागच्या सीटवर घामानं थबथबलेली बघवली नाही? ही दोन वेगळी कारणं आहेत. पहिलं असेल तर शोरूमचा कोट मागवा आणि वर्षभर वापरलेली इलेक्ट्रिक गाडी विकताना किती पडतं घ्यावं लागतं ते एकदा आकड्यात बघा, चर्चा लवकर संपेल. दुसरं असेल तर कुठल्याच आकड्यानं भागणार नाही. त्यांना हे ऐकायचं असेल की पुन्हा आईला असं बसावं लागणार नाही, आणि ते कसं, हे सविस्तर.

तर बेत सासूबाईंपासून आखा. त्यांची जेवणाची आणि गोळीची वेळ साडेबाराची असेल, तर साताऱ्याचा थांबा साडेबाराला पडेल असं निघा. जिथे पंखा, स्वच्छ संडास आणि बसायला खुर्ची आहे तोच चार्जर, मग तो दोन रुपये महाग का असेना. नुसत्या पत्र्याच्या शेडखालचं यंत्र कितीही जलद असलं तरी नको. आणि 25 टक्क्यांच्या खाली जायच्या आत थांबायचं, ही अट पतींच्या हातात द्या. "आता थांबू" म्हणायचा अधिकार त्यांचा, त्यावर तुम्ही वाद घालायचा नाही. पडद्यावर नऊ टक्के असताना "पोचतो गं आपण" हा जो खेळ तुम्ही-आम्ही एकट्यानं गाडी चालवताना खेळतो, तो सासूबाईंना घेऊन खेळायचा नाही.

यंदाच्या गणपतीचं काय? त्या दिवसांत मुंबईची अर्धी माणसं कोकणात उतरतात, त्यात आता हिरव्या पाट्याही पुष्कळ. चिपळूणच्या चार्जरवर मे महिन्यापेक्षा मोठी रांग असेल. गावचा सॉकेट हरतालिकेच्या आधी आठ दिवस तयार झाला, आणि दिरांनी आपल्या डोळ्यांनी हिरवा दिवा बघितला, तर हीच गाडी न्या. शक्य तर चतुर्थीच्या दोन दिवस आधी, पहाटे चारला निघून. नाही झाला, तर यंदा चालकासकट भाड्याची गाडी करा आणि आपली घरी ठेवा. त्यात हार मानण्यासारखं काही नाही. डिझेलवालेही घरात माणसं वाढली की वर्षातून एकदा ट्रॅव्हलर करतातच. मग सॉकेट दिवाळीपर्यंत होऊ द्या आणि पहिली खेप सासूबाईंशिवाय, तुम्ही दोघांनीच करा. पती चालवतील, तुम्ही शेजारी बसा. टक्के त्यांना मोजू द्या.

मात्र दिरांना फोन आजच लावा. श्रावण सरत आला की मांडवांच्या रोषणाईची कामं निघतात, आणि मग कोकणातला वायरमन कुणाच्याच हाती लागत नाही.